दिगंबरने सांभाळलेला घेवडा
बातमी आली तो साधा बुधवार होता. कॅनडातल्या उत्तरेकडच्या एका गावात दिगंबर नावाचा एक भोळा गृहस्थ राहायचा. तो परसात काकडीला पाणी घालत होता. त्याच्या बायकोला, शालनला, कोरेगावहून भावाचा फोन आला. आई गेली.

त्या गावात उन्हाळा जूनमध्ये येतो आणि सप्टेंबरात निघून जातो. तेवढ्यात जे पिकेल ते आपलं. शालनच्या परसात सगळं होतं. शिवाय वाघ्या घेवड्याची एक ओळ होती. त्याचं बी मागच्या खेपेला आईने तिच्या ओटीत घातलं होतं. आता तसं घालणारं कोणी उरलं नव्हतं.

ती कोरेगावला तेराव्यापर्यंत राहणार होती. निघताना म्हणाली, "अहो, घाईने काही तोडू नका. तयार झालं की मगच. आणि घेवड्याला जपा. त्याचं बी धरायचंय."

दिगंबरने घाई केली नाही. घाई न करणं त्याला चांगलं जमायचं.

चौथ्या दिवशी तिचा फोन आला. "काकड्या काढल्या?"

"अजून वाढतायत. दुधीएवढ्या झाल्यात. पिवळा रंगही छान आलाय."

"अहो, काकडी कोवळी असतानाच तोडायची असते! आणि घेवडा?"

"घेवडा आहे."

दुसऱ्या दिवशी त्याने लाल भोपळे तोडले. लिंबाएवढे होते. अकरा निघाले.

"चांगले कोवळे मिळाले," तो म्हणाला.

शालन पलीकडून म्हणाली, "भोपळ्याला नख लावून बघायचं. नख रुतलं तर वेलावरच राहू द्यायचा. एवढं तरी कळतं का? घेवडा?"

"आहे."

नखाची युक्ती दिगंबरला फार आवडली. भोपळे संपले होते, म्हणून त्याने ती टोमॅटोंना लावली. सकाळपासून दुपारपर्यंत एकेका टोमॅटोला नख लावलं. नखं लाल झाली, पण तो थकला नाही.

"सगळ्यांत रुतलं," त्याने सांगितलं. "एकही तयार नाही. ठेवलेत वेलावरच."

"टोमॅटो रंगावरून ओळखतात हो! लाल झाला की तयार! हे काय शाळेत शिकवायला हवं होतं?"

हेही त्याने मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी सगळे बटाटे उकरले. एकही लाल नव्हता. त्याने ते परत पुरले आणि वरून माती थापटली. माणूस कष्टाळू होता, असं कोणीही म्हणेल.

हे ऐकून शालन हसली की रडली, ते फोनवर नीट कळलं नाही. मागे माणसं बोलत होती, कुणीतरी तिला पिंडाचं विचारत होतं.

"बटाट्यांना हात लावू नका," ती म्हणाली. "मातीत असलेलं सुरक्षित असतं. वर कितीही गारठा पडू दे, मी आल्यावर काढीन. घेवड्याच्या शेंगा वाळल्या का?"

"खडखडीत."

"मग दाणे काढा आणि सुरक्षित ठेवा. अहो, नीट ऐका. आईचं तेवढंच बी राहिलंय. एकही दाणा गमवायचा नाही."

"नाही गमवणार," दिगंबर म्हणाला. सुरक्षित जागा कुठली, हे आता त्याला विचारावं लागणार नव्हतं.

त्यानंतर रोज फोनवर एकच प्रश्न यायचा आणि एकच उत्तर जायचं.

"बी?"

"एकदम सुरक्षित. एकही दाणा गेला नाही."

तेवढ्या एका उत्तरावर शालनने तिकडे तेरावा निभावला.

ती परतली त्या पहाटे मोसमातला पहिला बर्फाळ गारठा पडला होता. पाल्यावर पांढरा थर होता. टॅक्सीतून उतरून बॅग तशीच टाकून ती म्हणाली, "बी दाखवा आधी."

दिगंबर तिला हौसेने परसात घेऊन गेला. त्याने घेवडा मातीत पुरला होता. गारठा लागू नये म्हणून चांगला दोन बोटं खोल. वर रोज पाणीही घातलं होतं. सगळेच्या सगळे दाणे उगवले होते. एकूण एक कोंब काळा पडून मातीवर आडवा झाला होता.

शालन ओळीशी उकिडवी बसली. तिने एक कोंब उचलला. त्याचं बोटांत पाणी झालं.

"कालपर्यंत फार छान होते," दिगंबर म्हणाला. "तूच एक दिवस उशिरा आलीस."

मग तो तिची बॅग आणायला गेला. आई कशी गेली, हे तिला विचारायचं त्याचं राहूनच गेलं.