साहेबांच्या हातची खूण

गुंतवणूकदारांच्या सभेच्या दिवशी कंपनीचा शेअर हटकून पडे. अध्यक्ष रणदिवेसाहेबांनी गुंतवणूकदार सांभाळणाऱ्या सुलक्षणा चौबळला फैलावर घेतलं.

"तुमच्या बोलण्यानं लोक शेअर विकतात. उद्या कारण सांगा, नाहीतर राजीनामा द्या."

दुसऱ्या दिवशी तिनं गेल्या चार सभांच्या दिवसांचे भावाचे आलेख पुढ्यात ठेवले. "साहेब, घसरण सुरू होते तिथं तुम्हीच खूण करा."

साहेबांनी लाल पेनानं झोकात खुणा केल्या. चारही वेळा दुपारचे बारा दहा.

मग तिनं सभेची कार्यक्रमपत्रिका सरकवली. बारा दहा: अध्यक्षांचे मनोगत.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "म्हणजे मी बोलूच नको?"

"बोला की, मनसोक्त बोला," सुलक्षणा म्हणाली. "बाजार साडेतीनला बंद होतो. तुमचं मनोगत पावणेचारला ठेवते."