तांबड्या डोक्याची राणी

एका राज्यात गादीला पांढऱ्या केसाचे वावडे होते. कुणाला दुधाचे वावडे असते, कुणाला वांग्याचे. त्या राज्याच्या सिंहासनाला पांढऱ्या केसाचे. डोक्यावर पांढरा केस घेऊन जो त्यावर बसे, तो पायांपासून वर दगड होत जाई. असे दोन राजे आणि एक हौशी प्रधान दरबाराच्या कोपऱ्यात बसल्या बैठकीत दगड होऊन राहिले होते. सणावाराला त्यांच्यावरची धूळ झटकत.

हे झाले कसे? पूर्वी त्या गादीवर एक तरणाबांड राजा होता. त्याच्या दरबारात एक म्हातारा मांत्रिक आला. राजाने त्याचे पिकलेले डोके पाहिले आणि मांडीवर थाप मारून तो सिंहासनावरून बोलला, "पांढऱ्या केसांना या दरबारात जागा नाही!" दरबार हसला. मांत्रिक चिडला नाही, त्याने हातात पाणीही घेतले नाही. तो एवढेच म्हणाला, "तथास्तु." आणि आल्या पावली परत गेला. पुढे राजाच्या कानशिलावर पहिला पांढरा केस उगवला, तेव्हा त्या तथास्तुचा अर्थ सगळ्यांना कळला. तरण्या तोंडाला बोलायला काय लागते!

तेव्हापासून पिकल्या डोक्यांना महाद्वाराच्या आत मज्जाव झाला आणि गादीवरच्यांना लेपाचे व्यसन लागले. लेप विके कज्जलनाथ, त्या म्हाताऱ्या मांत्रिकाचा चेला. बोटभर कुपी, किंमत एक गाव. तो गावात जाई, घरोघरच्या चुलींची काजळी खरवडून नेई आणि तिचा लेप करी. लेप काळाभोर होई यात शंका नाही. मात्र ज्या गावाची काजळी जाई, त्या गावात पुन्हा चूल पेटत नसे. फुंकून फुंकून बायकांचे डोळे जात, पण ठिणगी धरत नसे. माणसे कच्चे धान्य चावत, आणि राजे काळे केस मिरवीत.

राणी वैजयंता गादीवर आली ती राजा लढाईत पडल्यावर. तेव्हा तिचे केस काळे होते. पुढे ते पिकले. त्याला कुणाचा शाप नव्हता, वयच झाले होते. तिनेही सगळ्यांसारखा लेप लावला आणि गावामागून गाव दिले. दर वेळी तिला झोप लागत नसे आणि दर वेळी ती म्हणे, एवढ्या वर्षी फक्त. शेवटी राज्यात राजधानी आणि शेवंतीपूर एवढेच उरले. शेवंतीपूर म्हणजे ते गाव, जिथल्या बायकांनी नवरी होऊन आलेल्या वैजयंतेची पालखी थांबवून तिची ओटी भरली होती आणि गरम भाकरी खाऊ घातल्याशिवाय पुढे सोडले नव्हते.

दसरा तोंडावर आला. दसऱ्याला गादीवर बसणे राणीला चुकत नसे. गादी रिकामी राहिली, तर ज्याच्याकडे जास्त गावे त्याची ती होई, आणि जास्त गावे आता कज्जलनाथाची होती. तो कुपी घेऊन आला.

"शेवंतीपूर," तो म्हणाला.

राणी आरशासमोर होती. भांगात पांढरी रेघ दिसत होती. तिने कुपीकडे पाहिले, मग भांगाकडे.

"नाही," ती म्हणाली.

"मग दगड होणार?"

"ते दसऱ्याला बघू. तुम्ही या आता."

तो गेला. नाही म्हणणे सोपे असते, पुढचे निस्तरणे कठीण. खजिन्यात घुशींशिवाय कुणी राहत नव्हते.

सिंहासनाच्या हातावर एक साळुंकी बसत असे. राजाच्या डोक्यावर चालून पांढरा केस शोधणे हे तिचे पिढीजात काम. तिला खोटे बोलता येत नसे. बोलली तर पिसे गळत. ती उडत येऊन आरशावर बसली आणि म्हणाली, "राणीसाहेब, केस घरीही रंगवता येतात."

"कशाने?"

"मेंदी, आवळा आणि लोखंडी कढई. आवळा कुटा, मेंदी वाटा, दोन्ही कढईत कालवून रातभर झाकून ठेवा. लोखंड आवळ्याला काळं करतं, आवळा मेंदीला काळं करतो, मेंदी डोक्याला काळं करते."

"खर्च?"

"मेंदी कुंपणाची, आवळा रानातला, कढई उसनी. खर्च नाही. त्रास आहे."

"त्रासाला मी भीत नाही," राणी म्हणाली आणि पदर खोचून निघाली.

मेंदीच्या कुंपणाला एक नाग वेढा घालून होता. तो फणा काढून म्हणाला, "पान तोडणाऱ्याने आपलं वय सांगावं. खरं सांगितलं तर वाट, खोटं सांगितलं तर दंश."

राणीचे वय दरबारात कितीतरी वर्षे एकाच जागी थांबलेले होते. भाट ते गाऊन सांगत. तिने आजूबाजूला पाहिले. कुणी नव्हते, पण वारा होता, आणि वाऱ्याच्या तोंडी तीळ भिजत नाही.

"सत्तेचाळीस," ती म्हणाली. आणि मग, नागाने मागितले नव्हते तरी, मोठ्याने म्हणाली, "सत्तेचाळीस पुरी!"

नाग बाजूला झाला. राणी ओटीभर पाने घेऊन परतली, तोवर वाऱ्याने बातमी गावभर केली होती. बाजारातल्या बायका म्हणाल्या, "आमच्याच वयाची की!" आणि त्या दिवसापासून राणी त्यांना जवळची वाटू लागली.

रानातल्या आवळीवर एक ब्रह्मराक्षस राहत होता. जटा जमिनीपर्यंत, आणि आवाज दळणाच्या जात्यासारखा.

"आवळे हवेत? माझ्या डोक्याला तेल लावून दे. हजार वर्षं कुणी लावलं नाही."

राजवाड्यात तेल उरले होते ते देवघरातल्या समईपुरते. राणी परत गेली, देवाला हात जोडून म्हणाली, "आजचा दिवस अंधारात राहा, देवा," आणि समईतले तेल वाटीत ओतून घेऊन आली. मग दिवसभर बसून तिने त्या जटा सोडवल्या. त्यात पाखरांची घरटी निघाली, एक हरवलेला बाण निघाला. राणीच्या दंडांना रग लागली. ब्रह्मराक्षस डोळे मिटून होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होते.

"आई लावायची असं," तो म्हणाला आणि त्याने झाड हलवले. आवळ्यांचा सडा पडला.

राहिली कढई. राजवाड्यात भांडी चांदीची आणि तांब्याची, लोखंडाचे नख नाही. लोखंडी कढई कुणाकडे आहे हे राणीला ठाऊक होते, आणि तिथे जायला तिची पावले उचलत नव्हती. महाद्वाराबाहेर, भिंतीला लागून, आक्कासाहेब राहत. त्या राजाच्या थोरल्या बहीण, राणीच्या नणंद. केस पिकले तेव्हा त्यांनी लेप लावायला साफ नकार दिला होता, आणि नियमाप्रमाणे त्यांना बाहेर काढले होते. त्या दिवशी राणी खिडकीत उभी होती. ती काही बोलली नव्हती.

आक्कासाहेब चुलीपुढे बसल्या होत्या. डोके पांढरेशुभ्र, पाठ ताठ.

"वन्सं, कढई हवी होती," राणी म्हणाली.

"केस रंगवायला?"

"हो."

"मी नाही रंगवत."

"मला ठाऊक आहे."

"तू रंगव. डोकं तुझं आहे." आक्कासाहेबांनी कढई पुढे सरकवली, पण हात काढला नाही. "उसनी देते. बदल्यात मला दरबारात बसायला जागा पाहिजे. दसऱ्याला. उभं राहून नाही, बसून."

राणीने महाद्वाराकडे पाहिले. मज्जाव झाल्यापासून पिकले डोके त्या दारातून आत गेले नव्हते. आत गेले तर काय होईल हे कुणाला माहीत नव्हते.

"दिली," ती म्हणाली.

आवळा कुटला, मेंदी वाटली, कढईत कालवली, वर ताट झाकले. राणी थकून झोपी गेली. आणि इथे घात झाला. बकुळा नावाची तिची जुनी दासी, जीव लावणारी, पहाटे उठली आणि तिने ताट उचलून कढईत पाहिले. राणीसाहेबांच्या मस्तकाला लोखंडातले लावायचे? भिकारणीसारखे? राजघराण्याची रीत म्हणजे मस्तकाला लागेल ते चांदीतले. तिने सगळा लगदा चांदीच्या पातेल्यात काढला, कढई घासूनपुसून लख्ख करून ठेवली, आणि वर गुलाबपाणी शिंपडले. काळा रंग धरू पाहत होता, तो तिथेच थांबला.

राणीने लेप लावला, वाळू दिला, धुतला. आरशात पाहिले. डोके लालभडक, पिकल्या मिरचीसारखे.

बकुळाने तोंडात मारून घेतले. "माझ्या हाताला आग लागो! राणीसाहेब, मी पातेल्यात काढलं हो!"

राणीने एक बट उजेडात धरून पाहिली. मग तिला हसू फुटले.

"पांढरा आहे का कुठे?"

"नाही, पण..."

"मग झालं. शापात तांबड्याचं नाव नाही."

"आणि आक्कासाहेबांना दिलेला शब्द?" बकुळा हळूच म्हणाली. "कढई काही कामाला आली नाही. शब्द मोडला तरी चालेल. नसती जोखीम कशाला?"

"कढई घेतली होती की नाही?"

"घेतली होती."

"मग शब्दही दिलेला आहे."

दसरा उजाडला. नगारे झडले. राणी उघड्या डोक्याने दरबारात आली आणि सगळ्यांचे श्वास अडकले. कज्जलनाथ पुढच्याच रांगेत होता, कुपी हातात.

"हे काय? डोक्याला आग लागली?" तो हसला.

"लागली आहे," राणी म्हणाली. "जरा लांब उभे राहा."

ती सिंहासनावर बसली. साळुंकी उडून तिच्या डोक्यावर आली आणि चालू लागली. भांगातून गेली, कपाळावरून आली, मानेवर उतरली. दरबार कान देऊन होता.

"पांढरा नाही," साळुंकी म्हणाली. "पांढरा नाही. इथंही पांढरा नाही."

लोक आनंदाने ओरडणार, तोच साळुंकी डाव्या कानामागे थांबली. तिथे हात पोचत नाही. घरी केस रंगवणाऱ्या कुणालाही विचारा, हीच जागा राहून जाते.

खोटे बोलावे असे साळुंकीला फार वाटले. तिचे एक पीस गळून खाली आले.

"बोल," राणी म्हणाली. "तुझी पिसं नकोत मला."

"एक आहे," साळुंकी म्हणाली आणि रडू लागली.

राणीची पावले गार पडली. मग दगड झाली. बकुळा किंचाळली.

कज्जलनाथ कुपी उघडून पुढे धावला. "एक बोट लेप, राणीसाहेब! अजून वेळ आहे. शेवंतीपूर म्हणा!"

दगड घोट्यावरून पोटरीवर, पोटरीवरून गुडघ्यावर चढला. राणीला भीती वाटली. भयंकर भीती वाटली. कच्चे दाणे चावणारी पोरे तिने पाहिली होती, आणि ती गरम भाकरी तिला अजून आठवत होती.

"शेवंतीपूर देणार नाही," ती म्हणाली. "तिथं चुली पेटलेल्या राहतील. मी विझले तरी."

दगड कमरेला आला.

"महाद्वार उघडा!" राणी ओरडली. "माझा एक शब्द पाळायचा राहिला आहे, तोंड चालतंय तोवर पाळते!"

दार उघडले. उंबऱ्याबाहेर आक्कासाहेब उभ्या होत्या, आणि त्यांच्या मागे सगळी बाहेर काढलेली पिकली डोकी: आज्या, आजोबा, गुरुजी, जुने शिपाई. आक्कासाहेब पुढे आल्या नाहीत. त्यांनी राणीची दगडाची कंबर पाहिली.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "माझ्यामुळे आणखी वाढेल. शब्द सोडला मी."

"मी नाही सोडला." दगड राणीच्या छातीशी आला होता. "त्या दिवशी खिडकीत मी गप्प बसले. आज बसणार नाही. या, वन्सं. माझ्या शेजारी बसा. पांढऱ्या केसांना या दरबारात जागा आहे!"

त्याच सिंहासनावरून एका राजाने म्हटले होते, जागा नाही. त्याच सिंहासनावरून एका राणीने म्हटले, जागा आहे. आणि दुरून, कुठून ते कळले नाही, एक म्हातारा आवाज आला, "तथास्तु."

दगड तडकला. राणीच्या अंगावरून खपल्या गळाव्या तसा गळून पडला. कोपऱ्यातले दोन राजे शिंकून उठले, आणि हौशी प्रधानाने आज वार कोणता, असे विचारले. कज्जलनाथाच्या हातातल्या कुपीतून काजळी उडाली, दारातून बाहेर गेली आणि गावोगावच्या चुलींवर जाऊन बसली. तिन्हीसांजेला सगळ्या राज्यात धूर दिसला. कज्जलनाथाचे केसही त्याच क्षणी पांढरेफटक झाले. तो डोके झाकून पळू लागला.

"थांबा," राणी म्हणाली. "बसा. तुम्हालाही जागा आहे."

तो बसला नाही. त्याला बसता आले असते.

आक्कासाहेब मात्र बसल्या. राणीने सरकून अर्धे सिंहासन दिले. आक्कासाहेबांनी तिच्या डोक्याकडे नीट पाहिले.

"रंग वाईट आहे," त्या म्हणाल्या.

"मला आवडला," राणी म्हणाली.

त्या राज्यात पुढे कुणी केस काळे केले, कुणी पांढरे ठेवले, कुणी तांबडे. कुणी कुणाला विचारले नाही. राणी वैजयंता दर दसऱ्याला मेंदी लावी, चांदीच्या पातेल्यातली, मुद्दाम. डाव्या कानामागे बकुळाचा हात सहज पोचत असे, पण तिथला पांढरा केस राणी तिला कधी रंगवू देत नसे. साळुंकी रोज सकाळी येऊन त्याला चोचीने विंचरून जाई.