कोनाड्यातला तुकडा

फार जुनी गोष्ट आहे. कोकणात खाडीकाठच्या एका गावात हसाजी नावाचा ज्यू तेली राहायचा. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा पवित्र दिवस, म्हणून त्या दिवशी त्याचा घाणा बंद. तो दिवस शुक्रवारी सूर्य बुडताच सुरू व्हायचा; त्याच्या आत काचेच्या पेल्यात आधी पाणी, त्यावर खोबरेल तेल ओतून वात लावायची, अशी त्या घरची रीत होती.

पेला नवा होता आणि सदा भेदरलेला. समोरच्या कोनाड्यात आधीच्या पेल्याचा तुकडा पडून होता. घाईत पाणी घालायचं राहिलं, ज्योत तळाशी पोचली आणि तो पेला तडकला होता. त्यात भर म्हणून हसाजी घरात सांगायचा, “जगाच्या आरंभी देवाचा उजेड भांड्यांना सोसला नाही. ती फुटली, ठिणग्या सगळीकडे विखुरल्या. आपण मन लावून काम केलं, की एकेक ठिणगी परत वर देवाकडे जाते.” पेल्याच्या कानात एवढंच राही : फुटली.

एका शुक्रवारी सूर्य बुडायला आला, तेव्हा हसाजीची बायको सेगुलाबाई धापा टाकत आली. तिनं थेट तेलाची बुधलीच उचलली.

“तांब्यादादा, ती पाणी विसरली!” पेला किंचाळला.

“माणसांना आपलं ऐकू येत नाही रे,” शेजारच्या पाण्याच्या तांब्याचाही आवाज कापत होता.

बुधली कलली. आणि सेगुलाबाई थबकली. “मन लावून,” ती स्वतःशीच पुटपुटली. तिनं डोळे मिटले, एक श्वास घेतला, बुधली खाली ठेवली आणि तांब्या उचलला.

वात लागली. पेल्याची थरथर काही थांबेना. घाबरत घाबरतच त्यानं समोर पाहिलं.

कोनाड्यातल्या तुकड्यात त्याच्याच ज्योतीची एक ठिणगी चमकत होती.