तिसरी शेळी

“...आणि हे शोभतं का तुम्हाला, बुवा?”

उपेंद्रने विचारलं, आणि उत्तर म्हणून बुवांच्या हातातल्या मोबाईलमधून एक शेळी शिंकली.

बुवा हसले. खांबाला टेकलेली पाठ हलली, डोळ्यांत पाणी आलं, इतके हसले.

उपेंद्रच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कृष्णाकाठच्या त्या लहानशा मठात कीर्तनाला पखवाज वाजायचा तो नरहरबुवांचा. उपेंद्र त्यांचा थोरला शिष्य. हात तयार, बोल स्वच्छ, आणि आपला हात तयार आहे हे त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक. उद्यापासून मठाचा उत्सव. यंदा बुवांचा खांदा धरलाय, ते बसणार नाहीत, ही बातमी गावभर झाली होती. मग सुमतीताईंच्या कीर्तनाला साथ कोण करणार? उपेंद्रच्या मते हा प्रश्नच नव्हता. बुवा मात्र हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात.

पखवाजाच्या डाव्या अंगाला वाजवण्याआधी ओली कणीक थापावी लागते, तेव्हा कुठे त्याला घुमारा येतो. या मठात त्याची एक रीत होती. बुवा “कणीक मळ” म्हणाले की समजायचं, आज तू बसायचं. त्यांनी म्हटल्याशिवाय कोणी पिठाला हात लावत नसे. रुसून, रडून, पाया पडूनही ती आज्ञा मिळत नसे.

आणि त्या सकाळी उपेंद्रने न विचारता कणीक मळली होती. बुवांचा पखवाज खुंटीवरून काढला, डाव्या अंगाला गोळा थापला आणि ओसरीवर त्यांच्या समोर आणून ठेवला. आता तरी काही बोलतील... शिव्या देतील, नाहीतर बस म्हणतील.

बुवांनी पखवाजाकडे पाहिलं, कणकेकडे पाहिलं, आणि पुन्हा शेळ्यांकडे वळले. ऊन पखवाजावर चढलं तरी त्यांनी मान वर केली नाही.

कोणाचं डोकं फिरणार नाही हो?

आठवडाभर हेच चाललं होतं. उपेंद्र आतल्या खोलीत घाम गाळून परणी, पखवाजाचे ते लांबलचक अवघड बोल, घोटतोय, आणि ओसरीवरून बुवांच्या हसण्याचा आवाज येतोय. सुनेने त्यांच्या मोबाईलवर शेळ्यांचा तो खेळ घालून दिला होता. ज्या माणसाने उपेंद्रच्या वाजवण्याला इतक्या वर्षांत कधी मान हलवली नाही, तो माणूस शेळीच्या शिंकेला वा म्हणत होता.

उपेंद्रने ते सगळं बोलून टाकलं. मनात साठलेलं सगळं ओकला म्हणा ना. लोक तुम्हाला ऋषी समजतात आणि तुम्ही पोरांचे खेळ खेळत बसता. तुमच्यापायी मी नोकरी सोडली. घरचे अजून नीट बोलत नाहीत माझ्याशी. उद्या उत्सव आहे आणि तुम्हाला त्याचं काही नाही.

बुवांनी सगळं ऐकून घेतलं. मग मोबाईल पुढे केला.

“बस. खेळ.”

“मी?”

“तालाचाच आहे.”

उपेंद्रने तो जवळजवळ ओढूनच घेतला.

खेळ काय, तर एका पडक्या भिंतीवर तीन शेळ्या. मागे वरातीत वाजतं तसलं पिपाण्यांचं, ढोलाचं संगीत. पहिली शेळी शिंकायची, मग दुसरी, आणि तिसरी आपली. आपण बोट टेकवलं की ती शिंकणार. वेळेवर शिंकली तर तिघी मिळून एक गिरकी घेणार. वेळ चुकली तर पहिल्या दोघी मान वळवून आपल्याकडे बघणार. रागाने नाही, ओरडून नाही, नुसत्या बघणार. लग्नात भलत्याच पंगतीत जाऊन बसलेल्या माणसाकडे बघतात तशा.

“एवढंच?” उपेंद्र म्हणाला.

“एवढंच.”

पहिला फेरा त्याने सहज मारला. दुसराही. शेळ्यांनी गिरक्या घेतल्या. एवढं सोपं काम आपल्याला सांगितलं याचाच त्याला संताप आला. तिसऱ्या फेऱ्यात दुसऱ्या शेळीनंतर मोठी जागा मोकळी सुटली, आणि उपेंद्रच्या बोटाने आपोआप तिथे एक तिहाई घेतली. एकच तुकडा तीनदा, आणि बरोबर समेवर. चोख.

शेळ्यांनी वळून पाहिलं.

“बरोबर आली होती सम,” उपेंद्र म्हणाला.

त्याने पुन्हा सुरुवात केली. तीच जागा आली, आणि तेच झालं. शेळ्या बघत राहिल्या. मग खेळात एक बाई आली आणि तिने शेळ्यांसमोर दोरीवर चादर वाळत घातली. आता काही दिसेना, नुसतं ऐकून शिंकायचं. उपेंद्रने दातओठ खाऊन बोट टेकवलं. चादरीच्या वरून दोन मुंडकी हळूच बाहेर आली आणि त्याच्याकडे बघू लागली.

“ही मूर्ख शेळी बेताल आहे,” तो म्हणाला.

“लयीत आहे ती.”

“मधे जागा होती.”

“होती.”

“म्हणून मी भरली.”

“कोणाची होती?”

...

आता बुवांच्या आवाजात धार आली होती. इतका वेळ हसत होते म्हणून कळलं नाही, पण रागावले तेही होते, आणि त्यांचा राग आजचा नव्हता.

“गेल्या उत्सवात एक दिवस तुला बसवलं होतं. सुमतीताई द्रौपदीच्या हाकेपाशी थांबल्या होत्या. आठवतं?”

उपेंद्रला आठवत होतं. न आठवायला काय झालं? ताई थांबल्या, मंडपात शांतता झाली, आणि त्या शांततेत त्याने आपली सगळ्यात अवघड परण सोडली. काय टाळ्या पडल्या होत्या. ताईंनी त्यानंतर कीर्तन जरा लवकर आवरलं, ते उन्हामुळे असेल असं तो समजला होता.

“लोकांनी टाळ्या वाजवल्या,” तो म्हणाला.

“वाजवल्या. लोकांचं काय जातं?” बुवांनी मांडीवर थाप मारली. “त्या बाईची जागा खाल्लीस तू. मी वर्षभर तोंड शिवून बसलो. म्हटलं, याला उमजेल. तू आणखी चार परणी घोटून आलास.”

हे फारच झालं. उपेंद्र उठून उभा राहिला. वर्षभर मनात ठेवलंत, म्हणाला, आणि आज शेळ्यांपुढे बसवून माझा अपमान करता? एक शब्द तोंडावर सांगता येत नव्हता? तुम्हाला मला बसवायचंच नाहीये. खुर्ची सोडवत नाही पुढाऱ्यांना, तशी तुम्हाला ती बैठक सोडवत नाही.

बोलू नये ते बोलून गेला.

“तुम्ही खेळून दाखवा ना मग,” उपेंद्र म्हणाला. “दाखवा, कसं खेळतात ते.”

त्याने मोबाईल त्यांच्या मांडीवर टाकला.

बुवांनी तो उचलला. संगीत सुरू झालं. पहिली शेळी शिंकली. दुसरी शिंकली. बुवांचं बोट निघालं... आणि मधेच अडखळलं. कापलं. काचेवर टेकलं तेव्हा तिसऱ्या शेळीची वेळ केव्हाच निघून गेली होती.

शेळ्यांनी वळून पाहिलं.

बुवा खदखदून हसले.

पुन्हा सुरू केलं. पुन्हा उशीर. पुन्हा त्या दोघींची ती नजर, पुन्हा बुवांचं हसू.

उपेंद्र आता शेळ्यांकडे बघत नव्हता. तो बुवांच्या उजव्या हाताकडे बघत होता. अंगठा आणि तर्जनी अशी हलत होती, जशी वाती वळताना हलतात, आणि ती थांबत नव्हती. खांदा धरलाय म्हणे. ज्या हाताच्या थापेवर आजूबाजूच्या दहा गावांतले टाळकरी आपली लय लावून घेत, त्या हाताला तिसरी शेळी गाठता येत नव्हती. म्हणजे आठवडाभर ओसरीवरून जे हसू येत होतं... ते दर वेळी हुकल्याचं होतं.

त्याचा राग गेला नाही. राग होताच, पण तो कोणावर काढायचा तेवढं कळेना.

“कधीपासून?” त्याने विचारलं.

“गेल्या उत्सवाच्या आधीपासून.”

“औषध?”

“चालू आहे.” बुवा मोबाईलकडेच बघत होते. “कमी व्हायचं नाही म्हणतात.”

“आणि तुम्ही हसता?”

“पखवाजावर हुकलो की चार दिवस घास उतरायचा नाही मला. घरचे माझ्या वाटेला जात नसत.” त्यांनी पुन्हा बोट टेकवलं, पुन्हा हुकले. “या बघ कशा बघतात. आणि लगेच भिंतीवर तयार... चल म्हणतात, पुन्हा.”

...

उपेंद्र खाली बसला. या वेळी त्याने मोबाईल मागून घेतला.

संगीत सुरू झालं. पहिले दोन फेरे गेले. बाईने चादर वाळत घातली. ती मोकळी जागा आली, आणि उपेंद्रने अंगठा वर धरून ठेवला. अवघड गेलं त्याला. सगळा हात वळवळत होता, नुसतं बसवत नव्हतं. पण धरून ठेवला.

तेव्हा त्याला ते ऐकू आलं. चादरीमागे, शिंकेच्या आधी, तिसरी शेळी श्वास घेत होती. लांब, मोठा, नाक भरून. दर फेऱ्याला घेत असणार. आणि ती मोकळी जागा आली की त्याने त्यावर तिहाई वाजवली होती.

त्याला सुमतीताईंचा चेहरा आठवला. मंडपात त्या थांबल्या तेव्हा त्यांनी श्वास घेतला होता. तोंड उघडं होतं त्यांचं. हाक बाहेर यायचीच होती.

अंगठा तसाच वर राहिला. शिंकेची वेळ निघून गेली.

चादरीच्या वरून दोन मुंडकी आली आणि त्याच्याकडे बघू लागली.

उपेंद्रला स्वतःचा इतका संताप आला होता की डोळे भरून आले, आणि तेवढ्यात, त्याच भरल्या डोळ्यांनी, त्या दोन शेळ्यांकडे बघून त्याच्या नाकातून फस्सकन हसू बाहेर पडलं. दाबू गेला, दाबलं जाईना. बुवा हसत नव्हते. ते त्याच्याकडे बघत होते.

बऱ्याच वेळाने हसू थांबलं. त्याने डोळे पुसले, मोबाईल बुवांच्या मांडीवर ठेवला. समोर पखवाज होता. सकाळी न विचारता थापलेली कणीक उन्हाने कडक झाली होती, कडेने तडकली होती. त्याने पुढे होऊन नखाने ती खरवडायला सुरुवात केली. सगळी काढली. डावं अंग ओल्या फडक्याने पुसलं. पखवाज उचलला आणि खुंटीकडे निघाला.

बुवा काही बोलले नाहीत. उपेंद्रने विचारलं नाही. कोणाची तरी बोलायची जागा आहे, एवढं त्याला कळलं होतं, आणि तो खुंटीखाली पखवाज धरून उभा राहिला.

ओसरीवर शेळी शिंकली. मग दुसरी.

...

“कणीक मळ.”