मुंग्या झालेली अक्षरं

फार लांबही नाही आणि अगदी जवळही नाही, अशा एका डोंगराच्या कुशीत हिरडेवाडी नावाचं इवलंसं गाव होतं. गावाच्या शेवटच्या झोपडीत वेणू आणि तिची आई अशा दोघीच राहायच्या.

वेणूची आई शाई करायची. रानातले हिरडे कुटायचे, लोखंडी कढईत रटरटा उकळायचे, त्यात धावड्याचा डिंक घालायचा, की झाली चकचकीत शाई! आसपासच्या शाळांमधली मुलं त्याच शाईनं बाराखडी गिरवायची. पण एका वर्षी आईला मोठा ताप आला. ताप गेला खरा, पण जाताना आईची दृष्टी घेऊन गेला.

तेव्हापासून शाई वेणूच करायची. आई दाराशी बसून नुसत्या वासावरून सांगायची, "आता उतरव गं." पण वेणूचे हात इवलेसे आणि कढई ही एवढी! शाई थोडी व्हायची आणि तिच्या बदल्यात घरी येणारे तांदूळही थोडेच यायचे.

मग वेणू काय करायची, सांगू? शिजलेला सगळा भात आईच्या ताटात वाढायची आणि आपलं रिकामं ताट पुढ्यात घेऊन बसायची. मधूनमधून त्यावर वाटी आपटायची, टिण टिण.

"जेवतेस ना गं पोटभर?" आई विचारायची.

"हो आई! आता तर घास जात नाही," असं म्हणून वेणू घटाघटा पाणी प्यायची.

आता पोट रिकामं असलं तरी वेणूचं डोकं मात्र प्रश्नांनी गच्च भरलेलं असे. चिमणी धुळीत का लोळते? कोळी आपल्याच जाळ्यात कसा अडकत नाही? गावातली माणसं तिला बघून म्हणायची, "आली बघा प्रश्नांची पोतडी!" वेणू हसायची आणि आणखी एक प्रश्न विचारायची.

एके सकाळी ती डिंक गोळा करायला रानात गेली. दवात भिजलेलं रान लखलखत होतं. हिरवं, पोपटी, पिवळं, तांबूस, नुसती रंगांची उधळण! आणि एका धावड्याच्या बुंध्यावर, मधाच्या रंगाच्या डिंकात, काहीतरी निळं निळं लुकलुकत होतं.

"फुलपाखरू का हे?" वेणूनं नाक अगदी जवळ नेलं.

"फुलपाखरू कुणाला म्हणतेस?" ते निळं काहीतरी तावातावानं बोललं. "मी परी आहे, परी! आणि आधी मला सोडव, मग टकामका बघ."

खरंच की! करंगळीएवढी परी होती ती. तिचा मोरपिशी झगा चमचमत होता, पण चिमुकले पंख डिंकात घट्ट चिकटले होते. ओढावं तर फाटतील. वेणूनं प्यायच्या पाण्यासाठी आणलेल्या वाळक्या भोपळ्यातलं पाणी थेंब थेंब डिंकावर सोडलं, वर हळूहळू फुंकर घातली. भोपळा पार रिता झाला आणि ऊन डोक्यावर आलं, तेव्हा कुठे डिंक मऊ होऊन पंख सुटले.

"घाई केली नाहीस, म्हणून पंख शाबूत राहिले," परी पंख झटकत म्हणाली. तिच्या अंगावरून निळी चमचम भुरभुरली. "मी निळुली. शाईची परी. माग बरं तुझी इच्छा."

वेणूला विचार करावाच लागला नाही. "माझ्या आईला दिसू दे."

निळुलीचा चेहरा जरा उतरला. "गेलेले डोळे मला परत आणता येत नाहीत गं. शाईनं जेवढं होतं, तेवढंच माझ्या हातात. पण थांब. तू लिही आणि आईला वाचून दाखव. जे वाचशील, ते तिला दिसेल. मात्र नियम आहेत हं."

"नियम का असतात?"

"का म्हणजे? नियमावाचून जादू कधी टिकली आहे का?" निळुलीनं कमरेवर हात ठेवले. "लिहिशील ते खरं असायला हवं. उसनं नको, खोटं नको. नाहीतर अक्षरं कागदावर थांबणार नाहीत. आणि एकदा लिहिलेलं लपवायचं नाही. ज्याच्यासाठी लिहिलंस, त्याला वाचून दाखवायचंच."

"मग गोष्टीत राक्षस घालायचा नाही का?"

"घाल की! चांगला दहा तोंडांचा घाल. पण त्याची भीती तुला स्वतःला वाटलेली हवी."

एवढं बोलून निळुलीनं चिमूटभर निळी चमचम वेणूच्या तळहातावर ठेवली आणि ती पानांआड दिसेनाशी झाली.

घरी येऊन वेणूनं ती चमचम दौतीत टाकली. वाण्याकडचे पाठकोरे कागद होतेच. बोरू बुडवून तिनं लिहिलं, "आज मी रानात गेले. तिथे सोन्याची झाडं होती. त्यांवर हिऱ्यांची फुलं लागली होती." आईला काहीतरी छान छान दिसावं, एवढंच तिच्या मनात होतं.

तर काय गंमत! अक्षरं वळवळायला लागली. काना, मात्रा, वेलांटी, सगळ्यांना पाय फुटले आणि त्यांच्या काळ्या मुंग्या होऊन रांगेनं चालू लागल्या. कागदावरून जमिनीवर, जमिनीवरून भिंतीवर, तिथून थेट गुळाच्या डब्यात! डबा रिकामा निघाला, तेव्हा फणकाऱ्यानं दाराबाहेर निघून गेल्या.

"अगं बाई!" वेणू हसत सुटली. मग तिनं डोळे मिटले आणि खरंच काय पाहिलं ते आठवलं. "वाटेवरच्या दगडावर एक सरडा ऊन खात होता. त्याचा गळा लाल होता. मी विचारलं, घरी येतोस का? तर तो मान हलवून नाही नाही म्हणाला."

या वेळी मुंग्या झाल्या नाहीत. पण अक्षरं इतकी फिकी उमटली की दिसता दिसेनात.

"आई, शाई बिघडली वाटतं. परत गिरवू का?"

"छे गं. गिरवशील तर डाग पडतील," आई म्हणाली. "ताजी शाई फिकीच उमटते. तिला वारा लागू दे. धीर धर जरा, आपोआप काळी होईल."

वेणू कागद धरून दाराशी बसून राहिली. आणि खरंच, अक्षरं हळूहळू वर आली, गडद झाली. तिनं वाचायला सुरुवात केली, तशी आई एकदम ताठ बसली.

"वेणू! मला दिसला गं! लाल गळ्याचा! बघ बघ, कशी मान हलवतोय लबाड!" आई हसली. किती दिवसांनी हसली! वेणूला इतका आनंद झाला की तिनं आईच्या गळ्यातच उडी मारली.

त्या दिवसापासून वेणूचं बघणंच बदललं. आता ती नुसतं का विचारून पळत नसे, उत्तर मिळेपर्यंत बसून राही. चिमणी धुळीत लोळली की तिच्या पंखांतले किडे झडतात, हे तिला बघून बघून कळलं. कोळ्याच्या जाळ्यातले काही धागे चिकट नसतात, हेही कळलं. ती रोज लिहायची, शाईला वारा लागू द्यायची आणि आईला दाखवायची.

एकदा शेजारच्या धोंडूमामींनी तिला अंगणात चिखल केला म्हणून चांगलंच झापलं. वेणूनं रागानं लिहिलं, "धोंडूमामी चेटकीण आहे." लगेच त्या अक्षरांचे भलेमोठे डोंगळे झाले आणि एक तर तिच्या अंगठ्याला कडकडून चावला! अंगठा चोखत वेणू कुंपणाशी गेली आणि मामींना बघत उभी राहिली. मामी एकट्याच जेवत होत्या. अर्धी भाकरी त्यांनी एका लंगड्या कुत्र्याला घातली, त्याच्याशी दिवसभराचं बोलल्या, आणि मग कुणी ऐकत नाही ना, म्हणून इकडेतिकडे बघितलं. वेणूनं तेवढंच लिहिलं. त्यातलं एकही अक्षर हललं नाही.

बघता बघता कार्तिकी पौर्णिमा आली. हिरडेवाडीची एक रीत होती. त्या संध्याकाळी देवळापुढची दीपमाळ उजळायची आणि तिच्या पायऱ्यांवर उभं राहून ज्याला नवी गोष्ट सांगायची असेल, त्यानं सांगायची. गोष्ट मनाला भिडली, तर ऐकणारा नव्या भाताची एक मूठ सांगणाऱ्याच्या सुपात टाकायचा. नाही भिडली, तर नुसता नमस्कार करून घरी जायचा. सूप भरलं, तर वेणूच्या घरी बरेच दिवस चूल पेटणार होती.

"मी सरड्याची आणि रानाची गोष्ट वाचते," वेणू म्हणाली.

"वाच. पण शेवटी थोडं तुझ्याबद्दलही लिही," आई म्हणाली. "सगळं रान दाखवलंस, मामींचा कुत्रा दाखवलास. तू मात्र कुठेच दिसत नाहीस. मी तुला शेवटचं पाहिलं, तेव्हा तुझे पुढचे दात पडले होते. सगळ्या गावासमोर उभी राहशील, तेव्हा मला माझी वेणू बघायची आहे."

वेणू कागद घेऊन कोपऱ्यात गेली. तिनं गुपचूप लिहून पाहिलं, "वेणू चांगली गुटगुटीत आहे." झाल्या मुंग्या! "वेणू रोज पोटभर जेवते." त्याही मुंग्या! खरं लिहिलं, तर आईला सगळं दिसणार. मग आई एकटी जेवेल का? छे, ती ताटाला हातही लावणार नाही. आणि लिहिलेलं लपवायचं नाही, असा तर नियम!

दीपमाळ उजळायची वेळ झाली, तरी वेणूचा शेवटचा कागद कोराच होता. ती पायरीवर दौत घेऊन बसली होती. समोर आई बसली होती, मान वर करून, वाट बघत. तिच्या चेहऱ्याकडे बघून वेणूला वाटलं, हिला मी सगळं दाखवते, आणि नेमकी मीच हिच्यापासून लपते. तिनं बोरू बुडवला आणि भराभर लिहून टाकलं.

"चल गं पोरी, तुझी पाळी," गुरवकाका म्हणाले. देवळाची दिवाबत्ती तेच बघायचे.

वेणूनं सरड्याची गोष्ट वाचली, रानाची वाचली. आई गालातल्या गालात हसत होती. मग शेवटचा कागद आला. अक्षरं फिकीफिकी, अगदी दिसतही नव्हती! लोक चुळबुळायला लागले.

"संपली का गोष्ट?" कुणीतरी विचारलं.

सोन्याच्या झाडांचं काहीतरी तोंडानं सांगून टाकावं आणि मोकळं व्हावं, असं वेणूला क्षणभर वाटलं. पण तिनं कागद वाऱ्यावर धरला आणि ती म्हणाली, "शाई ताजी आहे. जरा थांबाल का?"

"थांबा रे सगळे!" धोंडूमामी खेकसल्या. "पोर थांबा म्हणतेय ना!"

सगळे थांबले. एकेक पणती उजळत गेली, तशी एकेक ओळ काळी होत गेली. वेणूनं वाचलं.

"वेणूचे दात आता पुरते आले आहेत. तिचा परकर निळा आहे आणि त्याला दोन ठिगळं आहेत. तिचे हात काटक्यांसारखे आहेत. ती रोज आईला सांगते की मी जेवले. आईला खरं वाटावं म्हणून ती रिकाम्या ताटावर वाटी वाजवते. आई जेवताना हसली की वेणूला भूक लागलेली कळत नाही. पण नंतर कळते."

आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "दिसलीस गं," ती म्हणाली. "दिसलीस मला, माझ्या राणी." ती हात पुढे करून उठली, आणि वेणू पायऱ्या उतरून तिच्या कुशीत शिरली.

पहिली मूठ टाकली ती धोंडूमामींनी. "ताटाचा आवाज रोज माझ्या घरापर्यंत यायचा," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "मला वाटायचं, पोर किती मजेत जेवतेय!" मग गुरवकाका आले, वाणी आला, शाळेतली मुलं आली. सूप भरलं, सांडलं, तरी मुठी येतच राहिल्या.

तेवढ्यात दीपमाळेच्या सगळ्यात वरच्या पणतीत काहीतरी निळं निळं लुकलुकलं. वेणूनं मान वर केली.

"निळुली! जादू आता संपणार का गं?"

"पुन्हा प्रश्न!" परी खुदकन हसली. "खरं लिहीत राहिलीस, तर कशी संपेल?" तिनं पंख फडफडवले. निळा, जांभळा, सोनेरी असा उजेड दीपमाळेवरून झरझर खाली ओघळला, सगळ्यांच्या चेहऱ्यांवर क्षणभर नाचला आणि पौर्णिमेच्या चांदण्यात मिसळून गेला.

वेणू पुढे खूप खूप लिहिती झाली, आणि आईला खूप खूप दिसत राहिलं. हिरडेवाडीत त्यानंतर कुणाचं ताट रिकामं वाजलं नाही. आईची एक सवय मात्र कायमची झाली. रोज जेवणं झाली की ती वेणूला विचारायची, "पोटभर जेवलीस ना?"

"हो आई!" वेणू म्हणायची.

"नुसतं सांगू नकोस," आई हसून दौत पुढे सरकवायची. "लिहून वाच."