डोंगरापलीकडची भट्टी

मुलांनो, काही जण आपले अंगण स्वच्छ दिसावे म्हणून घाण दुसऱ्याच्या दारात लोटतात, आणि वर स्वच्छतेवर भाषणेही ठोकतात! अशांनी गजबजलेल्या एका जंगलात एक शिंपीण राहत असे. झाडाची जिवंत पाने चोचीने शिवून त्यांच्या कुशीत अंडी घालणारा हा इवलासा पक्षी. पण तिथल्या एका कोल्ह्याच्या तेलावर चालणाऱ्या गाड्या दिवसभर धूर ओकत. काजळीने पाने करपली, देठ सुटले आणि घरट्यासकट शिंपिणीची अंडी खाली पडून फुटली.

ती तणतणत कोल्ह्याकडे गेली. कोल्हा गोड हसला. "ताई, आता विजेच्या गाड्या आणतो. धूर औषधालाही मिळायचा नाही!" खरेच तशा गाड्या आल्या. रस्त्याकडेच्या झाडांना पालवी फुटली. तरी शिंपिणीच्या मनातली धास्ती जाईना. जिथे रस्ताच नाही तिथे धूर कुठला, असे म्हणत तिने डोंगर ओलांडला आणि उंबराच्या पानांत नवे घरटे शिवले. अंडी घातली, तोच ही पानेही काळवंडू लागली! उंबराखालच्या साळिंदराने तिला माळावरची भट्टी दाखवली. "कोळसा जाळतात. तुमच्या गाड्यांची वीज इथूनच जाते, बाई."

शिंपीण तडक माघारी आली. तिथे हवा स्वच्छ केल्याबद्दल कोल्ह्याचा सत्कार चालला होता. "तिकडे माझी अंडी पडायला आलीत, आणि तू हार घालून घेतोस?" ती कडाडली.

"गाडीतून धूर निघताना दाखव, लगेच बंद करतो," कोल्हा म्हणाला.

माकडे खिदळली. "आपली हवा तर झकास आहे! तिकडे राहतंय कोण?"

"मी राहते! गाड्या चांगल्याच आहेत रे, पण त्यांना वीज चांगली द्या. धबधब्यावर चाक बसवा, माथ्यावर पवनचक्की लावा!"

"बघू पुढच्या वर्षी," म्हणत कोल्ह्याने जांभई दिली. ती मिटायच्या आत वारा फिरला. डोंगरावरून काळा लोट उतरला आणि थेट सत्काराच्या मांडवात शिरला. माकडे खोकून खोकून बेजार झाली. "आजच्या आज चाक बसवा!" हार फेकून कोल्हा ओरडला. सगळे धबधब्याकडे धावले. चाक फिरू लागले, मागोमाग पवनचक्कीही उभी राहिली. भट्टी विझली. गाड्या पूर्वीसारख्याच धावत राहिल्या, कुणाचे काही अडले नाही. शिंपीण उंबरापाशी परतली, तेव्हा शिवलेली पाने जमिनीवर पडली होती आणि अंडी फुटली होती.

तात्पर्य : धूर नजरेआड केला म्हणजे नाहीसा होत नाही, गाडी बदला, आणि तिला चालवणारी वीज कुठून येते तेही बदला. हे ऐकून साळिंदर मात्र एवढेच म्हणाले, "चाक इतक्या लवकर बसणार होतं, तर स्वतःला खोकला येईपर्यंत हे थांबले कशाला?"