एकट्या साहेबांचा मान

इंग्रजी निबंधस्पर्धेचे परीक्षक हिर्लेकर साहेब फार मोठे विद्वान होते, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत. आठवीतल्या रेवतीने लिहिलं होतं, ‘समवन हॅज लेफ्ट देअर टिफिन.’ साहेबांनी तिथे एक गुण कापला आणि पोरीचा पहिला नंबर गेला.

“माणूस एक आणि त्याला ‘देअर’, म्हणजे ‘त्यांचा’?” साहेब गरजले.

तिच्या शिक्षिका निरगुडेबाई नम्रपणे म्हणाल्या, “साहेब, डबा बाईचा की पुरुषाचा हे ठाऊक नसलं, तर इंग्रज लोकही असंच म्हणतात.”

“इंग्रजांना काय कळतंय! एका माणसाला अनेकवचन लावणं हा शुद्ध अडाणीपणा. मी असेपर्यंत चालणार नाही.”

“बरं,” बाई म्हणाल्या.

बक्षीस समारंभाला सगळं गाव जमलं. बाईंनी माईक हातात घेतला आणि गोड आवाजात सांगितलं, “आज आपल्याकडे हिर्लेकर आला आहे. तो आता बक्षिसं देईल.”

साहेब ताडकन उठले. “बाई! भर सभेत मला अरे-तुरे?”

“तुझाच नियम पाळतेय, साहेब. मी फाटकापर्यंत जाऊन पाहून आले. तू एकटाच आलायस.”

मग मंडपात जो हशा पिकला, तो थांबेना. साहेबांनी रेवतीचा पेपर मागवला आणि कापलेला गुण मुकाट्याने परत दिला. पहिलं बक्षीस तिच्या हातात पडलं.

“आता हिर्लेकर साहेब आपल्याला मार्गदर्शन करतील,” बाईंनी अदबीने जाहीर केलं.

साहेब “धन्यवाद” एवढंच म्हणाले आणि खाली बसले.